दहा फ्रंट रोल आणि सोल्डरची तार

गेल्या ऑक्टोबरमधली गोष्ट. संध्याकाळच्या प्रेपला आमच्या हाउसच्या आठवीच्या मुलांवर लक्ष ठेवायची पाळी माझी होती. दुसऱ्या दिवशी त्यांची विज्ञानाची चाचणी होती आणि विषय होता धातू, अधातू आणि धातुसदृश यांचे भौतिक गुणधर्म. मी एकेकाला उभे करून तक्ता म्हणवून घेत होतो. धातू कठीण असतात, चकाकतात, ठोकले की पत्रा होतो, ओढले की तार होते, वाजवले की नाद येतो, उष्णता आणि वीज वाहून नेतात. अधातू यातले काहीच करत नाहीत. धातुसदृश थोडे इकडचे, थोडे तिकडचे. एकामागून एक मुले उठत होती, बसत होती. काम सुरळीत चालले होते.

शेवटून तिसरा मुलगा सांगलीकडचा. त्याने न अडखळता सगळा तक्ता म्हटला. मग खाली बसायच्या ऐवजी हळूच मराठीत म्हणाला, "पण दादा, सोल्डरची तार तर नखानं कोरली जाते. तीपण धातूचीच ना?"

आमच्याकडे ज्युनियर सीनियरला ‘सर’ म्हणतो, आणि प्रेपमध्ये मराठी बोलायचे नाही असा अलिखित नियम आहे. मला प्रश्न नीट ऐकूच आला नाही. ऐकू आले ते दोन शब्द, ‘दादा’ आणि ‘पण’. मी त्याला व्हरांड्यात दहा फ्रंट रोल मारायला सांगितले. उरलेल्या दोघांनी तक्ता आधीच्या सगळ्यांपेक्षा मोठ्या आवाजात म्हटला.

अशी शिक्षा द्यायचा मला अधिकार नव्हता. हे मी पुढे हाउसमास्टर सरांकडे स्वतः जाऊन सांगितले, त्यामुळे इथे लिहायला हरकत नाही. जे त्यांना तेव्हा सांगितले नव्हते ते आता सांगतो. त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर मला येत नव्हते. दहावीला विज्ञानात माझे चांगले गुण होते, पुस्तकात अपवादांची यादी होती आणि मी ती पाठही केली होती. पण सोल्डरची तार त्या यादीत नव्हती.

आपल्या मराठी पानावर बहुधा गडकिल्ल्यांवर, आईवर किंवा पहिल्यांदा घर सोडल्याच्या दिवसावर लेख येतात. मला एक तक्रार करायची आहे, आणि ती त्या तक्त्याविरुद्ध आहे. तक्ता चुकीचा आहे असे माझे म्हणणे नाही. तो पहिल्या दिवशी शिकवला जातो आणि अपवाद शेवटच्या दिवशी, घंटा व्हायला पाच मिनिटे असताना, हे चुकीचे आहे असे माझे म्हणणे आहे. क्रम उलटा हवा. आधी हातात वस्तू, मग प्रश्न, मग तक्ता.

त्या मुलाच्या वडिलांचे मोटर रिवाइंडिंगचे दुकान आहे. सोल्डरची तार त्याने लहानपणापासून हाताळली आहे. ती तार बहुधा कथील आणि शिसे यांच्या मिश्रणाची असते. दोन्ही धातू मऊ. शिशाने कागदावर करडी रेघ उमटते. सोडियम तर सुरीने कापता येतो, पाण्यावर तरंगतो आणि ९८ अंश सेल्सिअसला वितळतो, म्हणजे उकळत्या पाण्याच्याही आत. गॅलियम ३० अंशांच्या किंचित आतच वितळतो, म्हणून तळहातावर ठेवला की त्याचे पाणी होते. उलट बाजूला टंगस्टन, ३४२२ अंशांपर्यंत दाद देत नाही. ही सगळी मंडळी ‘धातू’ या एकाच स्तंभात बसवून वर ‘कठीण’ लिहिले की काय उरते?

आता एक अनुभव, जो या शाळेतल्या प्रत्येकाला आहे. जानेवारीत पहाटेच्या पीटीला पुल-अपचा लोखंडी बार धरवत नाही. शेजारचा लाकडी ओंडका धरवतो. सातवीत असल्यापासून मी समजत होतो की लोखंड लाकडापेक्षा जास्त थंड असते. फ्रंट रोलच्या प्रसंगानंतर मला स्वतःचीच शंका यायला लागली होती, म्हणून प्रयोगशाळेतून तापमापी मागून आणली आणि रात्रभर बंद असलेल्या डॉर्मिटरीत पहाटे माझ्या खाटेच्या लोखंडी कडेला लावली. ९ अंश. मग लाकडी लॉकरला लावली. ९ अंश. मित्राला उठवून दाखवले. तो म्हणाला, तापमापी बिघडली आहे.

तापमापी बरोबर होती, आमचे हात फसत होते. हात तापमान मोजत नाही. आपली उष्णता किती वेगाने निघून चालली आहे, तेवढेच त्याला कळते. लाकडाला हात लावला की ज्या भागाला हात टेकला तो भाग लगेच कोमट होतो, आणि ती ऊब पुढे सरकत नाही. लोखंड लाकडापेक्षा शेकडो पट वेगाने उष्णता वाहून नेते, म्हणून हाताची ऊब बारभर पसरते आणि बार काही कोमट होत नाही. मे महिन्यात दुपारी हाच बार चटका देतो आणि तेच लाकूड सहन होते, त्याचेही कारण हेच. मेसमध्ये अ‍ॅल्युमिनियमच्या मगातला चहा ओठ भाजतो, स्टेनलेस स्टीलच्या मगातला तितका नाही. दोन्ही धातूच, पण अ‍ॅल्युमिनियम त्या स्टीलच्या सुमारे पंधरा पट वेगाने उष्णता वाहतो. तक्त्यात मात्र दोघांपुढे एकच शब्द आहे, सुवाहक.

आणि अधातू दुर्वाहक म्हणावे, तर हिरा तांब्याच्याही चारपाच पट चांगली उष्णता वाहतो. वीज मात्र वाहून नेत नाही. त्याचाच सख्खा भाऊ ग्राफाइट, आपल्या पेन्सिलीतला, वीज वाहून नेतो. आयोडीन अधातू असून चकाकतो. या तीन ओळी पुस्तकात आहेत, त्यामुळे त्यांवर जास्त लिहीत नाही.

जास्त लिहावे असे प्रकरण काडतुसाचे आहे. आपल्याला ते पुस्तकात कुणी सांगत नाही, आणि सैनिकी शाळेत तरी ते सांगायला हवे.

बंदुकीच्या काडतुसाची पुंगळी पितळेची असते. ७० भाग तांबे, ३० भाग जस्त. हे प्रमाण सहज ठरलेले नाही. तांबे मऊ आणि लवचिक. जस्त नेहमीच्या तापमानाला बरेच ठिसूळ. १०० ते १५० अंशांपर्यंत तापवले तरच ते नीट ठोकून घेते. लवचिकात ठिसूळ मिसळले तर मिश्रण कमी लवचिक होईल असे कुणालाही वाटेल. होते उलटे. या प्रमाणातले पितळ इतके ताणून घेते की त्याची सपाट चकती साच्यात टप्प्याटप्प्याने दाबत नेली की तिची लांब पुंगळी तयार होते आणि कुठे फाटत नाही. गोळी सुटताना ही पुंगळी फुगते आणि नळीच्या मागच्या बाजूला घट्ट बसते, म्हणून तप्त वायू मागे येत नाही. दाब उतरला की ती किंचित आकसते, म्हणून बाहेर निघते. फुगणे आणि आकसणे यातले एकही बिनसले तर रायफल हातात असून नसल्यासारखी.

ब्रिटिश काळात हिंदुस्थानातल्या सैन्यात एक विचित्र गोष्ट लक्षात येऊ लागली. पावसाळ्यात तबेल्यांत ठेवलेल्या काडतुसांच्या पुंगळ्या आपोआप तडकत. कुणी ठोकले नाही, टाकले नाही, उडवले नाही. नुसत्या ठेवल्या जागी चिरा. या तडकण्याचा संबंध ऋतूशी, म्हणून इंग्रजीत त्याला ‘सीझन क्रॅकिंग’ नाव पडले. खरे कारण १९२१ मध्ये उलगडले. पुंगळी घडवताना थंड पितळ जे दाबले जाते, त्याचा ताण घडण संपल्यावरही धातूच्या आत दडून राहतो. तबेल्यातल्या घोड्यांच्या मूत्रातून हवेत अमोनिया येतो. दमट हवेत तो अमोनिया पितळेला बारीक चीर पाडतो आणि आतला ताण ती चीर उघडत नेतो. दोघांपैकी एकट्याने काही झाले नसते. उपाय साधा निघाला. घडवलेली पुंगळी बेताची तापवून तिच्यातला ताण काढून टाकायचा.

हे वाचल्यावर मी माझ्या बेल्टच्या बकलकडे जरा वेगळ्या नजरेने पाहिले. ‘पितळ तन्य आणि वर्धनीय आहे’ हे वाक्य शंभर टक्के खरे आहे. त्या तबेल्यातल्या सुभेदाराला ते वाक्य पाठ असते तरी त्याचा काय उपयोग होता? त्याला उपयोग झाला असता तो अशा माणसाचा, जो म्हणाला असता, "पण साहेब, ही तडकली कशी?" आणि ज्याला त्यासाठी कुणी फ्रंट रोल मारायला लावले नसते.

माझा एक मित्र म्हणतो, तू उगाच भावुक होतोस, एनडीएच्या पेपरात तक्ताच येतो. मी जुने पेपर काढून पाहिले. बहुपर्यायी प्रश्न काढणाऱ्याला तक्त्यातल्या सरळ ओळीचा उपयोग कमी असतो, कारण ती सगळ्यांनाच येते. तो विचारतो, खोलीच्या तापमानाला द्रव असलेला अधातू कोणता (ब्रोमीन), वीज वाहून नेणारा अधातू कोणता. म्हणजे परीक्षेचाच हिशेब करायचा म्हटले तरी ‘पण’ विचारणारा मुलगा पुढे आहे.

दुसरा आक्षेप शिस्तीचा. तो मला जास्त वजनदार वाटतो, कारण मी स्वतः शिस्तीच्या बाजूचा आहे. परेड ग्राउंडवर ‘पण’ला जागा नाही आणि नसावी. "दाहिने मूड" झाल्यावर तिथे चर्चा करणारा कॅडेट मलाही नको. पण आमच्या एनसीसीच्या उस्तादजींना रायफल साफ करताना पाहा. ते नळीला तेल लावायला सांगतात, आणि लगेच स्वतःच विचारतात, "क्यों?" कुणी "हुकूम आहे म्हणून" म्हटले तर त्यांना चालत नाही. लोखंड गंजते, गंज नळीतल्या खाचा खातो, गोळी भरकटते, इथपर्यंत उत्तर यावे लागते. गणवेशातल्या माणसाला ‘का’ चालतो, आणि प्रेप हॉलमध्ये आम्हा सोळा-सतरा वर्षांच्या प्रिफेक्टना चालत नाही. याला शिस्त म्हणायचे की आमच्या अज्ञानावरचे झाकण, हे माझ्याबरोबरीच्या मुलांनी ठरवावे. माझ्यापुरते मी ठरवले आहे.

आता धातुसदृश. तक्त्यातला सर्वांत दुर्लक्षित रकाना. ‘दोन्हींचे गुणधर्म दाखवतात’ एवढे लिहिले की पूर्ण गुण. गेल्या वर्षी सैन्याच्या शस्त्रास्त्र प्रदर्शनाला आम्हाला नेले होते. तिथे एका जवानाने थर्मल कॅमेरा दाखवला. त्याची पुढची भिंग मला काळपट आरशासारखी दिसली. तिच्यातून पलीकडचे काहीच दिसेना. मी म्हटले, झाकण काढायचे राहिले आहे. तो हसला आणि म्हणाला, हीच काच. ती काच नव्हती, जर्मेनियम होते. डोळ्यांना दिसणारा प्रकाश त्यातून जात नाही, पण माणसाच्या अंगातून निघणारे अवरक्त किरण आरपार जातात. चकाकी धातूची, ठिसूळपणा अधातूचा. आणि अंधारात माणूस दाखवायचे काम दोघांपैकी कुणाला जमत नाही असे. ‘थोडे इकडचे, थोडे तिकडचे’ म्हणून ज्याची बोळवण केली जाते, ते सीमेवर रात्री पहाऱ्याला उभे असते.

सिलिकॉनचेही तसेच. दिसते करड्या धातूसारखे, हातोडी मारली की काचेसारखे तुकडे होतात. पण खरा फरक तापवल्यावर कळतो. तांब्याची तार तापवली की ती वीज आधीपेक्षा कमी वाहते. शुद्ध सिलिकॉन तापवले तर जास्त वाहते. माझ्या मते तक्त्यात एकच ओळ ठेवायची असेल तर ही ठेवावी, कारण चकाकी आणि कठीणपणा फसवतात, ही सहसा फसवत नाही.

मेंडेलिव्हने १८७१ मध्ये सिलिकॉनच्या खालची रिकामी जागा पाहून सांगितले होते की इथे एक मूलद्रव्य सापडेल आणि त्याची घनता ५.५ च्या आसपास असेल. १८८६ मध्ये विंक्लरला जर्मेनियम सापडले. घनता सुमारे ५.३. हे त्याला जमले, कारण त्याच्यासमोर डावा रकाना आणि उजवा रकाना नव्हता. त्याच्यासमोर पायऱ्या होत्या. त्याच जिन्यावरून खाली या. सर्वांत वर कार्बन, अधातू. मग सिलिकॉन, मग जर्मेनियम, धातुसदृश. त्याखाली कथील आणि शेवटी शिसे, दोन्ही धातू. अधातूपासून धातूपर्यंत उतरत येणारा एकच जिना. मधे कुठेही भिंत नाही. आणि कथिलाचे पाऊल तर दोन पायऱ्यांवर आहे. १३ अंशांच्या खाली फार दिवस थंडीत राहिले तर शुद्ध पांढरे कथील हळूहळू करड्या भुकटीत बदलू शकते, आणि ते करडे कथील गुणांनी धातूपेक्षा वरच्या पायरीवरच्या जर्मेनियमला जवळचे असते. १८१२ मध्ये रशियाच्या थंडीत नेपोलियनच्या सैनिकांची कथिलाची बटणे अशीच भुकटी झाली, असे पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळते. त्याला भक्कम पुरावा नाही, तेव्हा इतिहासाच्या पेपरात लिहू नका.

सांगायचा मुद्दा, त्या जिन्याच्या खालच्या दोन पायऱ्या म्हणजेच कथील आणि शिसे. म्हणजेच सोल्डरची तार. आठवीतल्या मुलाने नखाने कोरून बरोबर त्या जागी बोट ठेवले होते.

माझी मागणी मोठी नाही. प्रत्येक हाउसला एक डबा द्यावा, बिस्किटांचा रिकामा डबाही चालेल. त्यात तांब्याची तार, सोल्डर, जस्ताची पट्टी, पेन्सिलीतल्या शिशाच्या कांड्या (नाव शिसे, वस्तू ग्राफाइट, हाही एक धडाच), गंधकाचा खडा, कोळसा, टॉर्चचा बल्ब, बॅटरी आणि छोटी हातोडी. तक्ता पाठ करायच्या आधी एक प्रेप मुलांनी हे ठोकावे, वाकवावे, वाजवावे. तांब्याची तार पुन्हा पुन्हा वाकवली की ताठ होत जाते, आणि सरांसमोर ज्योतीवर लाल करून निववली की पुन्हा मऊ पडते. काडतुसाचे सगळे प्रकरण या एका तारेत आहे.

घंटेचाही प्रयोग व्हावा. माझ्या आजोळाजवळ, वाईशेजारी मेणवलीला एक मोठी पोर्तुगीज घंटा आहे, १७३९ च्या वसईच्या मोहिमेनंतर देशावर आलेल्या घंटांपैकी. लहानपणी मला वाटे, धातू आहे म्हणून वाजते. घंटेसाठी साधारण चार भाग तांब्यात एक भाग कथील मिसळतात. दोन्ही मऊ, पण मिश्रण इतके कठीण की जोरात आदळले तर तडकते. तिचा नाद त्या कठीणपणातून येतो. शिशाची घंटा केली तर ‘थप’ एवढाच आवाज. तीच द्रवरूप नायट्रोजनमध्ये बुडवून काढली, तर गार आहे तोवर किणकिणते. नायट्रोजन मी मागत नाही.

डिसेंबरच्या सुट्टीहून परत आल्यावर मी त्या मुलाला गाठले. सीनियरने ज्युनियरची माफी मागायची पद्धत आमच्याकडे नाही, त्यामुळे कसे बोलावे ते कळेना. मी म्हटले, "त्या दिवशी तू बरोबर होतास. दहा फ्रंट रोल उगाच झाले."

तो सावधानमध्येच उभा होता. थोडा वेळ माझ्याकडे पाहून म्हणाला, "सातच झाले सर. मग घंटा झाली."